घाटाखालचं पाणी आणि बाबांचा रेडिएटर

ज्यांना प्रवासात निसर्ग, शांतता आणि स्वतःचा शोध वगैरे हवा असतो, त्यांनी इथूनच परत फिरावं. मागच्या महिन्यात मी जो प्रवास केला त्यात एक बॉनेट होतं, ते बहुतेक वेळ उघडं होतं, आणि निसर्ग जो काही असेल तो त्याच्या पलीकडे होता. मार्ग डोणगाव ते संग्रामपूर आणि परत. जिल्हा एकच, बुलढाणा. मोबाईलवरचा नकाशा म्हणतो की सकाळी निघालात तर जेवायला पोहोचाल. नकाशाला आमची गाडी माहीत नाही.

गाडी बाबांची आहे. बाबा म्हणजे डोणगावच्या शाळेतून निवृत्त झालेले नामदेव मास्तर. नोकरीत असताना त्यांनी ही पांढरी, चौकोनी, पेट्रोलवर चालणारी गाडी घेतली, तेव्हा आमच्या वस्तीत ती पहिली चारचाकी होती. कंपनीनं ती बनवणं कधीच बंद केलं. बाबांनी चालवणं बंद केलं नाही. तिचे पार्ट आता दुकानात मिळत नाहीत, ओळखीवर मिळतात. गाडी दिसायला अजून ठीक आहे, फक्त हीट मारते, म्हणजे इंजिन तापतं. बाबांच्या मते हा दोष नसून स्वभाव आहे.

आता जायचं कशासाठी, तर आत्याला आणायला. अनसूया आत्या बाबांची थोरली बहीण. संग्रामपूरजवळच्या एका खेड्यात एकटी राहते, मुलगा सुरतेला असतो. तिकडचा भाग आमच्या भाषेत 'घाटाखाली', आणि घाटाखाली पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीतलं पाणी खारं आहे. विहीर खणा, बोअर मारा, खारंच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि किडनीचं काय होतं ते तिथली प्रत्येक गल्ली जाणते. आत्याचे यजमान त्यानंच गेले. या हिवाळ्यात आत्याचाही रिपोर्ट बिघडला. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या देतो, पण आधी पाणी बदला. डोणगाव घाटावर आहे. आमच्या विहिरीचं पाणी गोड.

बाबांनी फोन करून सांगितलं, बाई, इकडे राहायला ये. आत्या एका अटीवर तयार झाली.

"येईन. पण तुह्याच गाडीत."

हे ऐकून बाबांना भरून आलं. गाडी घेतली त्या वर्षी त्यांनी चारचौघांत आत्याला शब्द दिला होता की तुला माझ्या गाडीतून माहेरी नेईन. त्यानंतर ते तीनदा तिला आणायला गेले. तिन्ही वेळा आत्या एसटीनं माहेरी आली आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून गॅरेजात गेली. बहिणीनं अजून आपल्यावर विश्वास ठेवला म्हणून बाबा खूश होते. मी पुण्यात बँकेच्या खुर्चीवर बसून कपाळाला हात लावला. आत्याला घर सोडायचंच नव्हतं. तोंडानं 'नाही' म्हणण्यापेक्षा आमच्या गाडीवर भिस्त ठेवणं तिला जास्त सोयीचं होतं.

मी रजा टाकून डोणगावला आले. ऊन अजून चढलेलं नव्हतं, फेब्रुवारी सरत होता. घाटाखाली जायचं असेल तर याच दिवसांत जा, नंतर जाल तर आपापल्या जबाबदारीवर.

सकाळी निघालो. मेहकरपर्यंत इंजिनाच्या तापमानाचा काटा निमूट खाली होता. हिवरा आश्रमला आम्ही चहासाठी थांबलो, म्हणजे मी चहासाठी थांबले आणि बाबा रेडिएटरसाठी. चहा बरा, शेजारची गरम भजी त्याहून बरी, दोघांचा नाश्ता पुण्यातल्या एका कॉफीच्या पैशात होतो. बाबांनी फडक्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं, टपरीवाल्याकडून जग मागून पाणी ओतलं आणि समोरच्या कप्प्यातून एक पुडी काढली. पुण्यात लोक त्या कप्प्यात टिश्यू ठेवतात. बाबा हळद ठेवतात. रेडिएटर कुठं बारीक गळत असेल तर हळद टाकल्यानं छिद्र बुजतं, असं शास्त्र आहे. टपरीवाल्यानंही मान डोलावली. गेली कित्येक वर्षं बाबा त्या गाडीला नियमानं हळद पाजताहेत. आणखी थोडी मोहरी टाकली असती तर फोडणीच झाली असती.

चिखली मागं पडली आणि काटा उठला. अशा वेळी बाबांची दुसरी युक्ती चालू होते. गाडीचा हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता आत ओढून घेतली की इंजिनाला तेवढाच उतार पडतो. हे खरंच चालतं, वाचकांनी लक्षात ठेवावं. फक्त ती उष्णता मग तुमच्या मांडीवर येते. बाहेर विदर्भाचं ऊन, आत हीटर, अशा थाटात आम्ही अमडापूर ओलांडलं. शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं काचेतून माझं तोंड बघितलं आणि उगाच वेग कमी केला.

खामगावला उतार संपतो, रस्ता सपाट होतो आणि हवा बदलते. पुढं शेगावला कचोरी खाल्ली. तिच्याबद्दल मी नवीन काही लिहिणार नाही, फक्त मिरचीला कमी लेखू नका. मग वरवटच्या दिशेनं पूर्णेचा पूल ओलांडला, दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, आणि दुपार कलता कलता आम्ही आत्याच्या दारात होतो. गाडी शिट्टी वाजवत होती. बाबा म्हणाले की बघ, पोहोचलो ना.

जयभीम झाला आणि आत्या आत गेली. माझ्या घशाला कोरड पडली होती, मला वाटलं तांब्या आणायला गेली. ती बादली घेऊन आली आणि थेट गाडीकडे गेली. बैलगाड्या होत्या तेव्हा पाहुण्यांच्या आधी त्यांच्या बैलांना पाणी दाखवायची रीत होती. बैल गेले, गाड्या गेल्या, आत्याची रीत तेवढी राहिली. बाबांनी अभिमानानं झाकण उघडलं आणि आत्यानं बादलीतून तांब्या तांब्या पाणी आत सोडलं, थोडं बॉनेटवरही शिंपडलं. आम्हाला पाणी त्यानंतर मिळालं. एक घोट घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. आत्यानं ते पाहिलं.

"पुण्याची झाली तू," एवढंच म्हणाली.

घरात पाण्याचा भरलेला प्लास्टिकचा कॅनही होता. गावात शुद्ध पाण्याची गाडी येते, तो कॅन सुरतेच्या मुलानं लावून दिलेला. आत्या तो पाहुण्यांसाठी ठेवते आणि पाहुणे आले की द्यायला विसरते. जेवायला ज्वारीची भाकरी, मिरचीची भाजी आणि चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं. याबाबतीत माझी काहीच तक्रार नाही. तक्रार एकच होती. घरात कुठंही आत्याची भरलेली पिशवी दिसत नव्हती.

सकाळी बाबांनी चावी फिरवली. मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, एवढा की समोरच्या घरातली कोंबडी खोकली असती. इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. बाबांनी ऑइलचं झाकण उघडलं. आत काळं तेल असायला हवं, तिथं घट्ट ताकासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. बाबांनी ते बोटावर घेतलं आणि फडक्याला पुसलं.

आत्या ओट्यावर बसून तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"फाट्यावर येष्टी भेटते. तुमी निंघा. मी मंग पाहीन."

आवाज इतका गोड होता की तिला हेच हवं होतं याबद्दल मला शंकाच उरली नाही. बाबा मात्र हट्टाला पेटले. एसटीनं मी जाणार नाही आणि तूही नाही, असं बहिणीला सांगून ते ट्रॅक्टर शोधायला गेले. मला त्यांचा राग आला आणि त्यांची काळजीही वाटली. सत्तरी ओलांडलेला माणूस एका बिघडलेल्या गाडीसाठी गावभर फिरत होता, आणि त्यांना परत मोकळ्या हातानं जायचं नव्हतं एवढंच त्या फिरण्यात दिसत होतं.

संग्रामपूरला सलीमभाईंचं गॅरेज आहे. माणूस कामाचा, पण काम हातानं कमी आणि तोंडानं जास्त. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायला लावली. पाण्यात बुडबुडे यायला लागले, भांड्यात पाणी उकळतं तसे, पण गाडी अजून गार होती. सलीमभाईंनी आजूबाजूला पुरेसे लोक जमलेत याची खात्री केली आणि निकाल दिला.

"हेड पॅकिंग गेलं मास्तर. गॅस पाण्यात घुसून राह्यला अन् पाणी तेलात."

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी: इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड. ते आणि खालचं इंजिन यांच्यामध्ये एक पातळ पॅकिंग असतं, ज्याच्या जिवावर तेल, पाणी आणि आग एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. गाडी फार तापली की हेड वाकतं, पॅकिंग जळतं आणि तिघांचा एकत्र संसार सुरू होतो. ताक त्याचंच.

नटबोल्ट सोडता सोडता सलीमभाईंना दुसरा शोध लागला. पाणी पुरेसं गरम होईपर्यंत ते अडवून धरणारी एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट. ती जागेवर नव्हतीच. आपल्याकडं थंडी कुठं असते, म्हणून काही मिस्त्री ती काढून फेकतात. सलीमभाईंनी त्या अज्ञात मिस्त्रीच्या अकलेचा भर गॅरेजात उद्धार केला. तो पूर्ण झाल्यावर बाबा शांतपणे म्हणाले की सलीमभाई, मागच्या खेपेला तुम्हीच काढली होती. सलीमभाईंचा पाना क्षणभर थांबला. मग त्यांनी सांगितलं की तेव्हा ते बरोबरच होतं.

दुपारी आत्या डबा घेऊन आली. डबा निमित्त होता, ती गाडीचं मयत बघायला आली होती असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्यात हेड निघालं. बाकावर उलटं ठेवलं तर त्याच्या पाण्याच्या वाटा क्षारांच्या पांढऱ्या खरपुडीनं भरलेल्या, मधेमधे हळदीचे पिवळे थर. काही भोकांतून तर काडीही जाईना. धातू कडेनं कुरतडल्यासारखा झाला होता. आत्या वाकली, नखानं थोडी खरपुडी खरवडली आणि बोटांत चोळली.

"हे तं माह्या हंड्याच्या बुडात जमते."

"तेच हाये ते आत्याबाई," सलीमभाई म्हणाले. "तुमच्या बोअरचं. मास्तर आले की तुमी पाजता. अथी साऱ्याच गाड्याइचं हे होते." मग ते पहिल्यांदाच आवाज उतरवून बोलले. "गाडी वर्षा-दोन वर्षातून एकडाव पेली. तुमी रोज पेऊन राह्यल्या."

बाबा हेडकडे बघत होते, पण मला माहीत होतं त्यांना काय आठवतंय. शेवटच्या वर्षात आत्याच्या यजमानांना ते एकदा दवाखान्यात घेऊन गेले होते, याच गाडीनं, नशिबानं ती चालली तेव्हा.

"मी काय गाडी हाओ काय?" आत्या म्हणाली आणि डबा तिथंच ठेवून निघून गेली.

हेड वाकलेलं होतं. पोलादी पट्टी आडवी धरली की खालून उजेड दिसत होता. ते लेथवर घासून सपाट करायचं, म्हणजे फेसिंग, आणि त्याची सोय खामगावला. तेव्हा वाचकहो, या सहलीतला पुढचा टप्पा मी एसटीनं केला, गोणपाटात गुंडाळलेलं इंजिनाचं हेड मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं, बाई हे काय. मी म्हटलं, हेड. त्याला कळलं नाही आणि त्यानं सामानाचं तिकीट फाडलं. शेजारच्या आजींनी मात्र सगळा वृत्तांत ऐकून घेतला आणि त्यांच्या जावयाच्या जीपची कर्मकहाणी शेगाव येईपर्यंत सांगितली. खामगावात फेसिंग झालं, नवं पॅकिंग मिळालं, रेडिएटरचं झाकण मिळालं, पाण्याऐवजी भरायचं कूलंट मिळालं, आणि एक भंगारवाला बाबांचा जुना विद्यार्थी निघाल्यामुळे त्यानं थर्मोस्टॅट शोधून दिला. रेडिएटर सलीमभाईंनी उघडून एकेका नळीतून सळई घातली. आतून जो पिवळा चिखल निघाला तो बाबांनी पाहू नये म्हणून मी त्यांना चहाला नेलं. पण ते चहा तसाच ठेवून परत आले आणि पाहिलाच. बाबांनी कप्प्यातली हळदीची पुडी काढून हळूच गटारात टाकली.

गाडी जोडून झाली. सलीमभाईंनी बिल सांगितलं, बाबांनी घासाघीस केली, सलीमभाईंनी शपथा घेतल्या, रकमेत फारसा फरक पडला नाही. जाताना त्यांनी कूलंटची एक बाटली वर दिली आणि बजावलं की रस्त्यात पातळी उतरली तर हेच टाका, नाहीतर बाटलीबंद पाणी. खारं पाणी एक थेंब पडलं तर माझ्याकडं यायचं नाही.

आम्ही आत्याच्या घरी गेलो तेव्हा बाबा रस्ताभर भाषणाची तयारी करत होते. बाई, आता गाडी सुधरली, आता तुला कारण नाही, वगैरे. भाषण वाया गेलं. आत्या दाराला कुलूप लावून ओट्यावर बसलेली होती. शेजारी एक पिशवी, एक गाठोडं आणि एक जाडजूड वाकळ. कोंबड्या शेजारणीला देऊन झाल्या होत्या. तिनं गाडीला पाणी दाखवलं नाही. मागच्या सीटवर बसली, वाकळ पायाशी ठेवली आणि गाव संपेपर्यंत एकदाही मागं पाहिलं नाही. मी आरशातून तिच्याकडे पाहत होते. टोमणा मारावा असं मला तेव्हा काही सुचलं नाही.

पूर्णा ओलांडली, शेगाव गेलं, खामगाव गेलं. काटा असा जागेवर बसला होता की बाबा त्याच्याकडे बघूनच गाडी चालवत होते, समोरचं मी बघत होते. मग चढ लागला. अर्ध्या चढावर काटा मधल्या रेघेच्या वर सरकला. बाबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. नवं पाणी भरलं की आत हवा अडकते, ती निघाली की पातळी उतरते, हे सलीमभाईंनी सांगितलंच होतं. नुसतं वरून भरायचं होतं. फक्त कूलंटची बाटली सापडेना. ती गॅरेजच्या बाकावर राहिली होती. बाबांच्या मते मी विसरले, माझ्या मते बाबा. प्यायच्या बाटल्या आम्ही खामगावातच रिकाम्या केल्या होत्या. आजूबाजूला दगड, साग आणि ऊन.

बाबा मागच्या खिडकीशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. चौथ्यांदा हरायची वेळ आली असं त्यांना वाटत असणार.

"बाई, पाणी हाये काय तुह्याजवळ?"

आत्या बाहेर बघत होती. "नाही," म्हणाली.

आम्ही सावलीत थांबलो. आत्या गाडीतून उतरली नाही. थोड्या वेळानं चिखलीकडे निघालेलं एक जोडपं मोटारसायकलवरून आलं, बॉनेट उघडं बघून थांबलं आणि न विचारता पिशवीतली बाटली पुढं केली. सीलबंद होती. बाबांनी तिचं सील स्वतः तोडलं, वासही घेतला, मग ओतली. काटा खाली आला तो डोणगावपर्यंत वर गेला नाही. हिवरा आश्रमला बाबांनी गाडी मुद्दाम थांबवली नाही, टपरीवाल्याला नुसता हात केला.

वस्तीत शिरताना त्यांनी गरज नसताना हॉर्न वाजवला. चार माणसं बाहेर आली, आत्या गाडीतून उतरली, आणि बाबांनी घरातून पितळी तांब्या आणून तिच्या हातात दिला. विहिरीचं पाणी. आत्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली की या पाण्याला तर चवच नाही. बाबा हसता हसता रडले आणि ते लपवायला बॉनेट पुसायला गेले.

मी सामान काढत होते. वाकळ उचलली तर जड लागली. आत पाच लिटरचा कॅन होता, तोंडाला फडकं बांधलेला, काठोकाठ भरलेला. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारं. आमचं पाणी पचलं नाही तर म्हणून तिनं आपल्या बोअरचं आणलं असणार. घाटात तो तिच्या पायाशीच होता. तिनं एक शब्द काढला असता तर घाईत बाबांनी तेच ओतलं असतं, सलीमभाईंच्या सगळ्या ताकिदी विसरून. ज्या बाईनं जन्मभर दारात आलेल्या बैलांना आणि गाड्यांना माणसांच्या आधी पाणी दिलं, तिनं त्या दिवशी पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. मी कॅन गुपचूप न्हाणीघरात नेऊन ठेवला. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते ब्लॉग वाचत नाहीत, त्यांच्या मते इंटरनेटवर खरं काही नसतं.

या सहलीचा हिशोब मांडायचा तर रजा संपली, माझ्या एका ड्रेसवर ग्रीसचा डाग कायमचा बसला, आणि जुन्या गाडीत साधं पाणी घालू नका हा सल्ला मी आता लग्नसमारंभातही देते. हळदीबद्दल विचारू नका. बाकी कचोरी चांगली होती.

पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी आत्याला फोन केला. कॅन जिथं ठेवला तिथंच आहे म्हणाली, त्या पाण्यानं ती फरशी पुसते. तब्येतीची चौकशी झाली, बाबांच्या तक्रारी झाल्या. मग मी भीत भीत विचारलं की विहिरीचं पाणी पितेस ना, की अजून बेचवच लागतं.

"बेचवच हाये," आत्या म्हणाली. "पण पेऊन राह्यली. तुह्या बापाचा खटारा गोड पाणी पेते, मंग मी काऊन खारं पेऊ?"